पॉपी : झाड एका हंगामाचे, बी दरसालचे

(इंदूर येथील गणेशोत्सवात झालेल्या भाषणावरून)



बागकामाची हौस असलेल्या आम्हां मंडळींना दरवर्षी याच सुमारास एक प्रश्न हमखास विचारला जातो. एकदा लावली की वर्षानुवर्षे फुलणारी पॉपी इंदूरला येते का?

आमचे उत्तर असे, की तो हट्ट धरू नये. ती बहुवर्षायु पॉपी, म्हणजे ओरिएंटल पॉपी, मूळची कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान आणि उत्तर इराणकडची. तिला हिवाळ्यात कडक गारठा लागतो. बहर सरला की पाने वाळतात आणि सोटमूळ जमिनीत विसावते. आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी वैशाखाचे ४० अंशांचे ऊन असते, आणि पाठोपाठ पावसाळा. पाणी धरून ठेवणाऱ्या आपल्या काळ्या मातीत ते मूळ कुजते.

माळव्याला मानवते ती हंगामी शर्ली पॉपी. इंग्लंडातील शर्ली येथील विल्क्स नावाच्या पाद्र्यांनी १८८० च्या सुमारास रानपॉपीतले पांढऱ्या कडेचे एक फूल हेरले आणि साल-दरसाल निवडून बी राखत ही जात तयार केली.

दसरा झाला, पाऊस गेला, की वाफा भुसभुशीत करावा. बी फार बारीक असते, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावे. वर मातीचा थर न देता हाताने हलके दाबावे आणि बारीक झारीने पाणी द्यावे. रोपे उपटून दुसरीकडे लावली तर मूळ दुखावते. त्यापेक्षा जागेवरच विरळणी करून वीतभर अंतर राखावे. माघ-फाल्गुनात फुले येतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. अनारशांसाठी आणलेली खसखस कुंडीत टाकू नका. खसखस हे अफूच्याच झाडाचे बी. मंदसौर-नीमचकडे अफू पिकते ती सरकारी परवान्यावर. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय ते झाड लावणे गुन्हा आहे, आणि ‘शोभेसाठी लावले’ ही सबब चालत नाही. ‘पिओनी पॉपी’ नावाने मिळणारे बीही त्याच जातीचे, तेव्हा पाकीट वाचून घ्या. अफूची पाने गुळगुळीत, निळसर-राखी आणि खोडाला बिलगलेली असतात. शर्लीचे देठ केसाळ आणि पाने कातरलेली असतात. ही खूण घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.

मग दरसाल फुले हवीत त्यांनी काय करावे? विल्क्स यांनी केले तेच. चांगल्या फुलांची बोंडे झाडावरच वाळू द्यावीत. टोपीखाली बारीक छिद्रे उघडली की बोंडे कापून कागदावर झटकावीत. बी सावलीत सुकवून कोरड्या बरणीत ठेवावे. पुढच्या गणपतीत पुड्यांची देवाणघेवाण करू या. पुडीवर ‘शर्ली पॉपी’ आणि साल तेवढे ठळक लिहा, म्हणजे ती चुकून खसखशीच्या डब्यात जाणार नाही आणि खसखस वाफ्यात येणार नाही.