पुढच्या मंगळवारी येणार ना?



मानसोपचार कुणी अर्ध्यावर सोडले की आपण म्हणतो, ‘त्यालाच बरं व्हायचं नाही.’ मला हे पटत नाही.

कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. सोय चांगलीच. पण निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा मंगळवार कसा असतो? पानं भिजवून कापून ठेवलेली, मांडीवर सूप, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. दवाखान्यात अर्धा दिवस मोडला की तेवढे पैसे बुडाले. त्यात डॉक्टर कन्नड बोलणारे, बाईला मराठीच येतं. मग शाळकरी मुलगी दुभाषी होते. नवऱ्याच्या दारूबद्दल आई त्या पोरीसमोर काय सांगणार? ‘झोप येत नाही’ एवढंच सांगून ती उठते. पुढच्या वेळी येतच नाही.

गोळ्यांचंही असंच. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर गोळी सुटणारच. पुढे बरं वाटलं की पुन्हा सुटते, खरं तर त्यानंतरही काही महिने ती चालू ठेवायची असते.

चोर्ला घाटापलीकडे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं वेगळी वाट धरली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठका, आरोग्य केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी. गुण आला, 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. बैठका किती, हे आधीच ठरलेलं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. शेवट कुठं आहे ते कळलं, की माणूस तिथवर चालतो.

म्हणून समुपदेशकांना माझं सांगणं: पहिल्याच भेटीत विचारा, यायला अडचण काय? दुभाषी लागला तर घरचा नको. एखादी बैठक चुकली तर फोन करा, पण रागावू नका.

आणि श्रोतेहो, उपचार सोडावेसे वाटले तर परस्पर सोडू नका. जाऊन तसं तोंडावर सांगा. चांगला समुपदेशक त्याचं वाईट वाटून घेत नाही. जाणं जमलंच नाही, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.