शेती नको, की अशी शेती नको?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



गावातल्या तरुणाला विचारा, पुढे काय करणार? पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, पुण्यात कंपनी, नाहीतर आखातात नोकरी. 'शेती' हे उत्तर क्वचितच येतं. वडीलधारे म्हणतात, पोरांना कष्ट नकोत. मला हे पटत नाही. हीच पोरं भरतीसाठी पहाटे उठून धावतात, कंपनीत बारा-बारा तास उभी राहतात.

अडचण हिशेबाची आहे. केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकांतून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे शेतकऱ्याचं घरही पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं. पोरांना हे पाहणी न वाचताच कळतं.

दुसरी अडचण अधिकाराची. राबतो नातू, सातबारा आजोबांच्या नावावर. पीककर्ज त्याला मिळत नाही, काय पेरायचं ते त्याला कुणी विचारत नाही, आडतीची पट्टी त्याच्या हाती येत नाही. वर लग्नाच्या बाजारात 'शेती करतो' म्हटलं की स्थळ परत जातं. अशा कामाला करिअर कोण म्हणेल?

आणि मुलींचं काय? खुरपणी, कापूस वेचणी त्यांच्याच हातची. इस्लामने मुलीला वारसा दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, हे किती जणांना माहीत आहे? घरोघरी, धर्म कुठलाही असो, भावांसाठी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. जिला जमिनीत वाटा नाही, तिने शेतकरी नवरा का पसंत करावा?

म्हणून शेती सोडणाऱ्याला मी पळपुटा म्हणणार नाही. जो थांबेल, त्याने मात्र अटी घालून थांबावं. घरात तीन गोष्टी मागा: सातबाऱ्यावर बहीण-भावांची नावं, खर्च-उत्पन्नाची लेखी वही आणि एखाद्या एकरावर स्वतःचा निर्णय. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर होते. ती तुम्हीच करा, म्हणजे कागदाशी ओळख होईल.

पोरं शेतीत यावीत असं वाटत असेल, तर त्यांना आधी शेतीत हक्काची जागा द्यावी लागेल. ती मागायची सुरुवात आपापल्या घरातून करू या.