हरवलेल्या माणसाचं नाव

वज्रेश्वरीहून बोलतेय.

आपल्या भिवंडीतल्या 1970 आणि 1984 च्या दंगली आठवणाऱ्या बायका अजून आहेत. कुणाचं घर जळलं, कुणाचा माणूस परतला नाही, सगळं सांगतात. पण माणसं गेली किती, म्हटलं की एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. 1970 च्या दंगलीची न्यायमूर्ती मादन यांनी चौकशी केली, अहवालही आहे. पण आपल्यापैकी कुणी तो पाहिलाय?

म्हणून आज एका लांबच्या देशाबद्दल सांगते. युरोपातला बोस्निया. तिथले बोस्नियाक, म्हणजे मुसलमान, आणि सर्ब, क्रोएट शेजारीपाजारी राहायचे, एकमेकांची भाषा सगळ्यांना कळायची. 1992 ते 1995 तिथे युद्ध झालं. बोस्नियाकांना गावंच्या गावं रिकामी करून हाकललं, मारलं. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनिकाला बोस्नियन सर्ब सैन्यानं 8,000 हून जास्त पुरुष आणि मुलगे मारले. पुढे पुरावा लपवायला खड्डे यंत्रानं उकरून हाडं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी! ओळखायचं कसं? आया-बहिणींनी स्वतःचं रक्त तपासणीला दिलं, ते हाडांशी जुळवलं. अशी जवळपास 7,000 माणसं नावानिशी सापडली. कुणा आईच्या हाती चार हाडंच आली. तिनं तेवढ्यांचंच दफन केलं.

तिथल्या मिर्साद तोकाचा यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सगळ्या युद्धातल्या मृतांची यादी केली. कुठल्याही समाजाचा असो, बंदूक घेतलेला असो वा साधा माणूस, प्रत्येकाचं नाव. लोक तोवर दोन लाख म्हणत. यादी 96,000 च्या आसपास थांबली. आमचं दुःख कमी दाखवलं म्हणून काही रागावले. पण मारल्या गेलेल्या साध्या नागरिकांत दहातले आठ बोस्नियाक होते, हेही त्याच यादीनं दाखवलं. मग ‘दोन्हीकडे सारखंच झालं’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. आरोपींचीही नावं लागली. हेगच्या न्यायालयात 161 जणांवर आरोप ठेवले गेले.

आता आपल्याकडे या. 1992-93 ला मुंबई पेटली. (भिवंडी तेव्हा मोहल्ला कमिट्यांमुळे शांत राहिली, त्यावर एकदा वेगळं बोलू.) श्रीकृष्ण आयोगानं मृतांचा आकडा 900 दिला: 575 मुसलमान, 275 हिंदू, 5 इतर, आणि 45 जण कोण होते तेच कळलं नाही. शिवाय 168 बेपत्ता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण निघालं, तेव्हा बेपत्तांपैकी 60 जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या 108 जणांचे वारस सरकारला सापडत नव्हते. त्यांना शोधा, असं न्यायालयानं सांगितलं. तीस वर्षं झाली होती, बायांनो.

बेपत्ता माणसाच्या बायकोची गत तुम्हाला ठाऊक आहे. कुंकू ठेवायचं की पुसायचं, तेही कळत नाही, आणि मृत्यूचा दाखला नसला की सगळी कामं अडतात. सात वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाला कोर्ट मृत धरू शकतं. पण शेवटचं कुणी पाहिलं, पोलिसांत नोंद केली होती का, हे विचारतातच.

तेव्हा गटातल्या म्हाताऱ्या बायकांकडे एखाद्या दुपारी वही घेऊन बसा. माणसाचं नाव, वय, गाव, धंदा, कुठून गेला, कुठल्या साली. सांगणारीचं नाव लिहा, तिची हरकत नसेल तर. तिनं स्वतः पाहिलं की ऐकलं, हे वेगळं लिहा. दोन्ही समाजांच्या घरी जा. आणि पोलिसांतली जुनी पावती कुणाच्या ट्रंकेत असेल, तर तिची झेरॉक्स आधी काढून घ्या.