२५० आरपीएमचा न्याय

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय बाइक रेसिंगचा आहे, पण ज्यांना रेसिंगमधलं काही कळत नाही त्यांनीही थांबा. कारण आज प्रश्न इंजिनाचा कमी आणि न्यायाचा जास्त आहे. एकाची बाइक दुसऱ्यापेक्षा जास्त ताकदवान असेल, तर त्या शर्यतीला बरोबरीची शर्यत म्हणायचं का? आणि नसेल म्हणायचं, तर बरोबरी करायची कुणी आणि कशी?

त्यासाठी आपण मुख्यतः एकच चॅम्पियनशिप बघू: वर्ल्ड सुपरबाइक. मोटोजीपीच्या बाइक फक्त रेससाठीच बनतात, त्या शोरूममध्ये मिळत नाहीत. सुपरबाइकमध्ये मात्र रस्त्यावर विकली जाणारी बाइकच रेससाठी तयार करतात. आणि गोची तिथंच आहे. रस्त्यावरच्या बाइक मुळातच एकसारख्या नसतात. कुणाचं इंजिन दोन सिलिंडरचं, कुणाचं चार. कुणी महागडी बनवतं, कुणी जरा परवडणारी.

आता दोन मिनिटं इंजिनाबद्दल, घाबरू नका. हॉर्सपॉवर म्हणजे ढोबळमानाने दोन गोष्टींचा गुणाकार. इंजिन किती जोर लावून फिरतं, आणि मिनिटाला किती वेळा फिरतं. पहिला टॉर्क, दुसरा आरपीएम. चार छोट्या पिस्टनचं इंजिन दोन मोठ्या पिस्टनच्या इंजिनापेक्षा जास्त वेगात फिरू शकतं. म्हणजे सीसी तेवढेच ठेवले, तर चार सिलिंडरवाला पॉवरमध्ये पुढे जाणार.

म्हणून १९८८ साली वर्ल्ड सुपरबाइक सुरू झाली तेव्हा नियम असा होता: चार सिलिंडर असतील तर ७५० सीसी, दोन असतील तर १००० सीसी. ऐकायला एकदम रास्त. पण डुकाटीने आपली ट्विन इतकी चांगली बनवली की कार्ल फोगार्टीने तिच्यावर चार वेळा वर्ल्ड टायटल मारलं: १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९. मग ओरड सुरू झाली. २५० सीसी फुकटचे मिळालेत म्हणून जिंकतायत!

त्यावर होंडाने काय केलं, ते मला फार आवडतं. होंडाची ७५० सीसीची चार सिलिंडर बाइक होती, तिने १९९७ चं टायटलही जिंकलं होतं. तरी त्यांनी ती बाजूला ठेवली आणि स्वतःच १००० सीसीची ट्विन बनवली. तुमच्या नियमात ट्विनला फायदा आहे ना, मग ही घ्या आमची ट्विन. कॉलिन एडवर्ड्सने २००० आणि २००२ मध्ये तिच्यावर टायटल जिंकलं. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता. वाट सगळ्यांना खुली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढे २००३ पासून चार सिलिंडरलाही १००० सीसी मिळाले. २००८ ला ट्विनला १२०० सीसी दिले, पण वजन वाढवलं आणि इंजिनात कमी हवा जावी म्हणून रिस्ट्रिक्टर बसवले. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढायचं. तराजूची पारडी वर्षानुवर्षं अशी वरखाली होत राहिली.

आता येऊ २०१९ कडे. डुकाटीने ट्विन सोडली आणि चार सिलिंडरची पानिगाले व्ही४ आर आणली. ९९८ सीसी. नियम असा होता की रेसमधल्या बाइकचं रस्त्यावरचं मॉडेल ४०,००० युरोच्या आत विकलं पाहिजे. डुकाटीने किंमत ठेवली ३९,९००! आणि हे इंजिन फिरायचं भन्नाट. तोपर्यंत प्रत्येक कंपनीला वेगळी आरपीएम मर्यादा लागू झालेली होती, ती मुख्यतः रस्त्यावरच्या बाइकवरून ठरायची. त्या हिशेबात डुकाटीला मिळाले १६,३५० आणि कावासाकीला १४,६००. विचार करा, एकाच ट्रॅकवर, एकाच सरळ पट्ट्यावर, १,७५० आरपीएमचा फरक.

मोटोजीपीतून नुकताच आलेला आल्वारो बाउतिस्ता त्या डुकाटीवर बसला. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला पहिलीच रेस, आणि तो जवळजवळ १५ सेकंदांनी जिंकला. जिथे सेकंदाच्या दहाव्या भागासाठी मारामारी असते, तिथे १५ सेकंद! आणि नंतर तो जिंकतच सुटला. ओळीने ११ रेस. सलग चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला जोनाथन रे कावासाकीवरून त्याचा टेललाइट बघत राहिला. अर्थात रेसबाइकला टेललाइट नसतो, पण समजून घ्या.

तिसऱ्या राउंडनंतर नियमानुसार आकडेमोड झाली आणि डुकाटीचे २५० आरपीएम कापले. १६,३५० चे १६,१००.

आता मला खटकतं ते इथे. त्या मोसमात व्ही४ आर चालवणारा बाउतिस्ता एकटा नव्हता. त्याच्याच टीममध्ये चॅझ डेव्हिस होता. खाजगी टीमकडून मायकल रुबेन रिनाल्दी आणि यूजीन लॅव्हर्टी होते. तीच बाइक घेऊन हे तिघं काही ११ रेस जिंकत नव्हते. डेव्हिसला वर्षभरात एकच विजय मिळाला, लगुना सेकाला. पण २५० आरपीएम कापले गेले ते चौघांचे! वर्गात एकाला पैकीच्या पैकी पडले म्हणून पूर्ण बेंचचे मार्क कापायचे, तसलाच हा प्रकार.

आणि गंमत पुढे आहे. आरपीएम कापल्यावर लगेच आसेनला बाउतिस्ता परत जिंकला. तो थांबला तो नंतर, इमोलाला रेने हरवलं तेव्हा. मग हेरेझपासून बाउतिस्ता एकामागून एक पडायला लागला. शेवटी टायटल कुणी नेलं? रेने, कावासाकीवर, १४,६०० आरपीएममध्ये. म्हणजे ज्या फरकासाठी एवढा आटापिटा केला, तो रायडरनेच भरून काढला.

याचा अर्थ हॉर्सपॉवरचा फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. भरपूर पडतो. मागून येऊन सरळ पट्ट्यावर कुणी आरामात पुढे निघून गेलं, की तुम्हाला ती जागा ब्रेकिंगमध्ये परत मिळवावी लागते. दर लॅपला उशिरा ब्रेक, दर लॅपला पुढच्या टायरवर जास्त ताण. कमी पॉवरवाला रायडर रोज जास्त धोका पत्करतो. त्याचं हाड मोडतं तेव्हा हा कागदावरचा वाद राहत नाही. त्यामुळे काहीच नियम नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

दुसरा वाद वजनाचा. बाउतिस्ता अंगाने अगदी हलका, साठ किलोच्या आसपास. समोर स्कॉट रेडिंगसारखा सहा फुटी गडी. इंजिन सारखंच असलं तरी वळणातून बाहेर पडताना हलका माणूस जास्त झपाट्याने वेग घेणार, हे साधं गणित. रेडिंगने हा मुद्दा उघडपणे लावून धरला. दुसरी बाजूही होती: बारक्या माणसाला तीच जड बाइक वळवायला आणि थांबवायला जास्त ताकद लागते, त्याचं काय? बाउतिस्ताने २०२२ आणि २०२३ चं टायटल जिंकलं, २०२३ मध्ये तर एकाच मोसमात २७ रेस. त्याच मोसमात डुकाटीचे आरपीएम आणखी कापले गेले होते. २०२४ पासून मग हलक्या रायडरच्या बाइकला वजन लावायचा नियम आला. साहित्यासकट ८० किलो हे प्रमाण धरायचं आणि त्याला जेवढं कमी पडेल त्याच्या निम्मं बाइकवर चढवायचं.

आणि २०२४ ला जिंकलं कोण? टोप्राक राझगात्लिओग्लू, तेही बीएमडब्ल्यूवर! ज्या बाइकला आधीच्या मोसमांत पोडियमसुद्धा अवघड जात होतं, तिच्यावर त्याने ओळीने १३ रेस काढल्या. आता सांगा, कुणाचे आरपीएम कापणार?

सोपा मार्ग आहेच: सगळ्यांना एकच इंजिन द्या. मोटो२ मध्ये तेच करतात, २०१९ पासून सगळ्यांकडे ट्रायम्फचं ७६५ सीसी इंजिन. आपल्याकडे चेन्नईजवळच्या ट्रॅकवर टीव्हीएसच्या वन मेक रेस होतात, सगळ्यांना कंपनीचीच बाइक. नवीन मुलांसाठी हे उत्तमच. बापाच्या खिशातून आलेली पॉवर तिथे चालत नाही, मनगट दिसतं. पण सुपरबाइकमध्ये हे केलं तर कंपन्या येतील कशाला? आपली बाइक भारी आहे हे दाखवायलाच तर त्या येतात.

मग माझं मत काय? आपल्या कुस्तीच्या मैदानात पंच आधी जोड लावतात. वय, वजन, अंगकाठी बघून. जोड चुकीची वाटली तर लोक तिथंच आरडाओरडा करतात. पण एकदा हात मिळवले, की चांगला खेळतोय म्हणून एका मल्लाचा हात कुणी बांधत नाही. मला न्याय तेवढाच वाटतो. वजन, किंमत, सीसी, आरपीएम, जे मोजायचं ते मोसमाआधी मोजा आणि सगळ्यांना सांगा. मशीन मोजा. निकाल मोजून नियम बदलायला लागलात, की मशीनची नाही, माणसाच्या मेहनतीची कापणी होते. होंडाला नियम पटला नव्हता, पण तो स्थिर होता, म्हणून त्यांना त्याला उत्तर देता आलं.

तुम्हाला हे पटत नसेल, एकच कंपनी दहा वर्षं जिंकत राहिली तर बघायचं कुणी असं वाटत असेल, तर तोही मुद्दा खरा आहे. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवतो. आणि हो, हे ऐकताना बाइकवर असाल तर एक इअरफोन काढा राव. भेटू!