पोलीस लाईनीतलं गुपित
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गावोगाव 'बाटली आडवी' करायला आपण बायकांचं मतदान घडवून आणलं, तेव्हा केंद्राबाहेर बंदोबस्ताला पोलीस होते. त्यांच्यातल्याच काहींच्या घरी रात्री काय होतं, याबद्दल मात्र आपण क्वचितच बोललो.

एका हवालदाराची बायको माझ्याकडे आली. अंगावर वळ होते. मी सवयीने विचारलं, "पोलिसात तक्रार केलीत?" ती म्हणाली, "ताई, कुणाकडे करू? ठाण्यात त्यांचेच दोस्त बसलेत." मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

पोलिसांच्या पिण्यामागे कारणं आहेत. बारा-बारा तासांची ड्यूटी, सणासुदीचा बंदोबस्त, बुडालेल्या रजा, अपघातातली प्रेतं उचलणं, आणि पुरुषाने रडायचं नाही ही शिकवण. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका पोलीस कर्मचाऱ्याच्याच प्रस्तावावरून. अशा सुधारणा आपणही मागितल्या पाहिजेत. पण त्याच ड्यूट्या महिला पोलीसही करतात, आणि घरी येऊन पदर खोचून स्वयंपाकाला लागतात. तेव्हा थकवा हे पिण्याचं कारण असेल, बायकोला मारण्याचं नाही.

दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. पोलिसाची भीती मात्र वेगळी असते. साहेबांना कळलं तर? आपण पकडलेलाच माणूस शेजारच्या खाटेवर असला तर? म्हणून सगळे मिळून झाकतात. वरिष्ठ 'सांभाळून घेतात', बायको ठाण्यात कळवते, "यांना ताप आहे." या सांभाळण्यावरच व्यसन पोसतं.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येतात, भास होतात, जिवावरही बेततं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. आणि दारू सोडवायच्या गोळ्या जेवणातून चोरून देऊ नयेत. वर दारू प्यायला तर जीव जाऊ शकतो.

त्याच्या उपचारांची वाट पाहत तिने मार खायचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. त्यासाठी ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. पोलिसाच्या बायकोला हे आधी सांगा.

त्या बाईने तापाचे निरोप देणं बंद केलं. अर्ज केला, संरक्षणाचा आदेश मिळवला. नवरा बिनपगारी झाला, साहेबांनी बोलावलं, तेव्हा कुठे उपचाराला गेला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. आता वर्ष झालं, प्यायलेला नाही. अशी घसरण बरेचदा होते, म्हणून हात टेकू नयेत.

परवा ती भेटली. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "सुटली, चांगलं झालं. पण ताई, आदेश मी मागे घेतलेला नाही."

मला वाटतं, तिला आपल्यापेक्षा जास्त कळलंय.