‘वसतिगृह’ : एका शब्दाचा अर्थ आणि वारसा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त औंध येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाविद्यालयीन जीवनात ‘वसतिगृह’ हा शब्द इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘वस्’ म्हणजे राहणे. या धातूपासून ‘वसति’ हा शब्द सिद्ध झाला. मुक्काम, रात्रीचा निवास, घर असे त्याचे अर्थ. मराठीतील ‘वस्ती’ त्याच कुळातील. गावी रात्री थांबणाऱ्या एस. टी.ला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. ती पहाटे निघणार, हे त्या नावातच गृहीत असते.

जैन परंपरेने या शब्दाला विशेष अर्थ दिला. साधूंच्या निवासस्थानास वसति म्हणत. पुढे मंदिरासही तेच नाव मिळाले. आबूची विमल वसही (१०३१) आणि लूण वसही (१२३०) ही त्याची प्राकृत वळणाची रूपे होत. कानडीतील ‘बसदि’ आणि सीमाभागातील ‘बस्ती’ हीदेखील त्याचीच. औंध संस्थानात असलेल्या कुंडलच्या डोंगरातील झरी पार्श्वनाथाच्या लेण्यात जाणाऱ्या यात्रेकरूस हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

साधूला वसति देणाऱ्या गृहस्थास आगमांत ‘शय्यातर’ म्हटले आहे. शय्या म्हणजे निवास देऊन जो संसार तरतो, तो शय्यातर, अशी त्याची परंपरागत फोड. साधू त्या घरची भिक्षा घेत नाहीत. ज्याने आसरा दिला त्याच्यावरच अन्नाचाही भार पडू नये, ही त्यामागील दृष्टी. वसति देणाऱ्याला पुण्य मिळते. राहणाऱ्यावर हक्क मिळत नाही.

इंग्रजी शब्दांची वाट निराळी आहे. ‘बोर्ड’ म्हणजे फळी, मग जेवणाचे मेज आणि त्यावरून जेवण. ‘होस्टेल’च्या मुळाशी पाहुणा आहे. दक्षिण महाराष्ट्रात ‘जैन बोर्डिंग’ हे नाव रूढ झाले, कारण परगावच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण जेवणाचीच असे. औंध त्याचे साक्षीदार आहे. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यामुळे साने गुरुजी शिक्षणासाठी येथे आले, हालअपेष्टा सोसून राहिले आणि प्लेगच्या साथीमुळे त्यांना परतावे लागले. शिक्षण मिळण्यासाठी शाळा असणे पुरेसे नसते, हे या एका उदाहरणावरून कळते.

कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही उणीव ओळखली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. तेथे सर्व मुले एका पंक्तीस बसली. शय्यातराची वृत्ती याहून निराळी ती कोणती?

आज परिस्थिती पालटली आहे. शहरांत खोली भाड्याने देणे हा किफायतशीर व्यवसाय झाला आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थ्याची गरज पाहण्याआधी त्याची ऐपत पाहिली जाते. समाजाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वसतिगृहांसमोरही दोन प्रश्न आहेत. उत्पन्नासाठी खोल्या चालवाव्यात, की गरजूंसाठी? आणि दार फक्त समाजबांधवांना उघडावे, की शेजारच्या खेड्यातील कोणत्याही होतकरू मुलामुलीस? पहिल्या प्रश्नात हिशेबाची अडचण खरी आहे, कारण इमारतीची डागडुजी आणि स्वयंपाक्याचा पगार पुण्यावर भागत नाही. म्हणून ज्याला परवडते त्याने पूर्ण शुल्क द्यावे, ज्याला परवडत नाही त्याचा भार निधीने उचलावा आणि दोघांचे ताट मात्र एकच असावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कर्मवीरांनी कृतीने देऊन ठेवले आहे.

वसति म्हणजे मुक्काम. तेथे राहणारा कायमचा नसतो आणि चालवणाराही मालक नसतो, केवळ विश्वस्त असतो. पुढील पन्नास वर्षांत या शब्दाचा अर्थ विटाळू न देणे, हेच सुवर्णमहोत्सवाचे खरे उद्यापन ठरेल.

जय जिनेंद्र.