वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि वर्गणीचा रुपया



वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा राज्यघटनेच्या १९व्या कलमापासून सुरू होते आणि तेथेच संपते. सरकारने काय छापू दिले नाही, कोणत्या संपादकावर खटला भरला, कोणता अंक जप्त केला, याचा हिशेब त्या चर्चेत असतो. तो हिशेब आवश्यकच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आणखी एक प्रश्न विचारणे भाग पडते. बातमी लिहिणारा माणूस ती छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी कशावर जगणार? त्याची नोकरी गेली, त्याच्यावर खटला झाला, कोणी त्याच्या अंगावर धावून आले, तर तो भार कोण उचलणार? स्वातंत्र्याला खर्च असतो आणि तो कोणीतरी करावाच लागतो. पत्रकारांचे संघ, संपादकांची मंडळे आणि पत्रकारांच्या साहाय्यासाठी निघालेल्या संस्था यांचे मोल या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरवावे लागेल.

या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर १९५० साली मिळाले. त्या वर्षी दिल्लीत ‘इंडियन फेडरेशन ऑफ वर्किंग जर्नालिस्ट्स’ हा महासंघ स्थापन झाला. ‘नॅशनल हेरल्ड’चे संपादक एम. चलपती राव त्याचे पहिले अध्यक्ष. या महासंघाने आपल्या नावातच ‘श्रमिक’ हा शब्द घेतला, ही गोष्ट साधी नव्हती. लेखणी चालवणारा सुशिक्षित मनुष्य स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास सहसा राजी नसतो. आपण देशसेवा करतो, असे त्याला वाटत असते आणि त्याच समजुतीचा फायदा घेऊन त्याला तुटपुंज्या पगारावर राबवता येते. १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमण्यात आला. आचार्य नरेंद्र देव, रावसाहेब पटवर्धन आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव हे त्याचे सदस्य होते. चलपती रावही त्यात होते. आयोगाचा अहवाल १९५४ साली आला आणि पुढच्याच वर्षी, १९५५ साली, श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींचा कायदा संसदेने केला.

या कायद्याने कामाचे तास ठरवले. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम घेता येणार नाही, असे बंधन घातले. नोकरीवरून काढायचे तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतरांना तीन महिन्यांची नोटीस देणे आवश्यक केले. वेतन ठरवण्यासाठी वेतन मंडळाची योजना केली. मालकांनी अर्थातच या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरवला. परंतु मालकांच्या देण्याच्या ऐपतीचा विचार केला नाही, या कारणावरून मंडळाचा वेतननिर्णय रद्द केला. तीन वर्षे नोकरी करून स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्यास उपदान देण्याची तरतूदही त्याच निकालात गेली.

पुढे घडले ते अधिक लक्षणीय आहे. संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. इतर कोणत्याही कारणाने राजीनामा देणाऱ्यास उपदानासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट घातली. पण सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने राजीनामा देणाऱ्या पत्रकारास मात्र तीन वर्षांची सेवा पुरेशी मानली. मालकाचे धोरण आपल्या मनाला पटत नाही म्हणून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती काही रक्कम असली पाहिजे, हे कायद्याने मान्य केले. वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि पगारपत्रक यांचा संबंध याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच कोठे मांडला गेला असेल.

आणीबाणीने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. वर्ष संपता संपता वृत्तपत्र परिषद मोडीत निघाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था ‘समाचार’ या एकाच संस्थेत कोंबण्यात आल्या. कुलदीप नय्यर यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये काही पत्रकार जमले, त्यांनी निषेधाचा ठराव केला; पुढे नय्यर तुरुंगात गेले. ‘इंडियन एक्स्प्रेस’ आणि ‘स्टेट्समन’ यांसारखे अपवाद वगळता मोठी दैनिके नमली. कागदाचा कोटा, सरकारी जाहिराती, बँकांचे कर्ज आणि मालकाचे इतर उद्योग अशा अनेक दोऱ्यांनी ती बांधलेली होती. याउलट मुंबईहून निघणाऱ्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या लहानशा मासिकाच्या वतीने मिनू मसानी सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली जिंकले. ज्याला गमावण्यासारखे कमी होते, त्यालाच लढणे परवडले.

आणीबाणीनंतरच्या दशकात सामुदायिक शक्तीचा प्रत्यय दोनदा आला. १९८२ साली बिहार सरकारने वृत्तपत्रांची गळचेपी करणारे विधेयक आणले, तेव्हा देशभरच्या पत्रकारांनी संप केला. १९८३ साली ते विधेयक मागे घ्यावे लागले. १९८८ साली केंद्राचे बदनामीविषयक विधेयक लोकसभेत संमतही झाले होते. पत्रकार, संपादक आणि मालक एकत्र आल्यावर काही आठवड्यांतच ते सोडून देण्यात आले.

मग ही शक्ती ओसरली कशी? १९९० नंतर वृत्तपत्रसृष्टीत कंत्राटी पद्धत आली. सुरुवातीला कंत्राटात पगाराचा आकडा मोठा होता, म्हणून तरुण पत्रकारांनी ते आनंदाने स्वीकारले. दर एक-दोन वर्षांनी ज्याच्या नोकरीचे नूतनीकरण व्हायचे, तो मनुष्य संघाची पावती फाडत नाही. वर्गणीदार घटले, तसे संघ दुर्बळ झाले. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या उचलून धरल्या. तरीही ‘आहे तोच पगार मान्य आहे’ अशी लेखी हमी अनेक ठिकाणी घेतली गेली. कंत्राटी पत्रकारांनाही या शिफारशी लागू आहेत, हे २०१७ साली न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. आता तर १९५५ चा स्वतंत्र कायदाच उरलेला नाही. २०२० च्या श्रमसंहितेत तो विलीन झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अंमलात आली. दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमांतील पत्रकारांना तिने व्याख्येत घेतले, हे योग्यच झाले. परंतु पत्रकारांच्या वेतन मंडळाची योजना तिच्यात राहिली नाही.

संघ मागे हटले, तेथे जगभर दुसऱ्या प्रकारच्या संस्था पुढे आल्या. पत्रकारांच्या संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९२६ साली पॅरिसमध्ये जन्मला होता. तो वर्गणीवर चालणाऱ्या संघांचा संघ होता. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स’ आणि १९८५ साली फ्रान्समधील मोंपेलिए येथे ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्था निघाल्या, त्या मुख्यतः देणग्या व अनुदाने यांवर चालतात. त्यांपैकी पहिली कोणत्याही सरकारचा पैसा घेत नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. तुरुंगातील पत्रकाराचे नाव जगापुढे ठेवणे, त्याला वकील व तातडीची मदत मिळवून देणे, ही कामे अशा संस्था उत्तम करतात. आपल्याकडेही ‘फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्स’ या संस्थेने काश्मीरमधील इंटरनेटच्या निर्बंधांविरुद्ध २०२० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

परंतु या संस्थांची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्या मालकाशी पगाराची बोलणी करू शकत नाहीत, संप करू शकत नाहीत. कोणाचे प्रकरण हाती घ्यावे, हे त्यांच्या बाबतीत कार्यकारी मंडळ आणि देणगीदार ठरवतात; संघात सभासदाचा तो हक्क असतो. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन यांना ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसच्या वाटेवर अटक झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती केरळ श्रमिक पत्रकार संघाने. कप्पन या संघाच्या दिल्ली शाखेचे चिटणीस होते. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये तुरुंगातून बाहेर आले, तोवर दोन वर्षे उलटली होती.

महाराष्ट्रात या दोन्हींपेक्षा निराळा, तिसरा मार्ग रूढ होत आहे. मराठी पत्रकार परिषद १९३९ पासून कार्यरत आहे. पत्रकारांच्या संघटनांनी अनेक वर्षे मागणी केल्यावर २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने केला. हे यश लहान नाही. मात्र त्याबरोबरच पत्रकाराची अधिस्वीकृती, त्याचा कल्याण निधी, त्याची सन्मान योजना, पत्रकार भवनाचा भूखंड हे सारे शासनाच्या हाती एकवटत गेले आहे. उतारवयात पत्रकाराला आधार मिळावा, यात वावगे काहीच नाही. पण ज्याच्या कारभारावर नजर ठेवायची, त्याच्याच दारात दरवर्षी अर्ज घेऊन उभे राहायचे, ही अवस्था कोणत्याही संघटनेला पांगळी करते. शिवाय गाडीच्या काचेवर ‘प्रेस’ लिहून दहशत घालणारे आणि पुरस्कारांची खैरात वाटणारे जे तथाकथित संघ गावोगावी निघाले आहेत, त्यांनी पत्रकारांच्या संघटनेचे नावच हलके केले आहे.

या साऱ्या व्यवस्थेबाहेर राहतो तो तालुक्याचा वार्ताहर. त्याला पगारपत्रक नसते. अनेकांना बातमीमागे किरकोळ मानधन आणि जाहिरातीमागे कमिशन, एवढाच आधार. दिवाळी अंकाला आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती त्यानेच आणायच्या, आणि त्याच पुढाऱ्याच्या वाळूच्या ठेक्याची बातमीही त्यानेच द्यायची! फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना मोटारीखाली चिरडून मारण्यात आले. प्रकल्पसमर्थक जमीन व्यावसायिकाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. शहरातील संपादकाला निदान वकील, सहकारी आणि प्रसिद्धी यांचे कवच असते. खेड्यातला वार्ताहर एकटा असतो.

म्हणून पत्रकारांच्या संघटनांपुढे काही कामे स्पष्ट आहेत. सभासदत्व अधिस्वीकृतीवर अवलंबून न ठेवता तालुका वार्ताहर, छायाचित्रकार आणि डिजिटल माध्यमांतील कंत्राटी पत्रकार यांना खुले करावे. प्रत्येक जिल्ह्यात सभासदांच्या मासिक वर्गणीतून कायदेविषयक साहाय्याचा निधी उभारावा. त्याचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध करावा आणि शासन, पक्ष व मालक यांच्याकडून त्यासाठी एक पैही घेऊ नये. वाचकांनी त्यात भर घालावी. स्वतंत्र बातमी ही त्यांचीही गरज आहे. निधी आरंभी लहान असेल. पण एका वार्ताहराच्या जामिनाचा आणि वकिलाचा खर्च भागवण्याइतका जरी तो झाला, तरी त्या जिल्ह्यातील इतर पन्नास वार्ताहरांची लेखणी त्याने थोडी निर्भय होईल.